अस्थिपुनर्जनन व प्रतिरक्षा-उद्दीपक रेणू

मोडलेल्या, शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या किंवा रोगाने नष्ट झालेल्या हाडाच्या जागी मूळ रचनेचे नवे हाड तयार होण्याच्या नैसर्गिक क्रियेला अस्थिपुनर्जनन म्हणतात. प्रौढ मानवी शरीरातील बहुतेक ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) इजा झाल्यावर तंतुमय व्रणऊतकाने सांधली जातात. हाड मात्र व्रण मागे न ठेवता पुन्हा हाडच निर्माण करते. या क्रियेत अस्थिजनक कोशिका (नवे हाड घडविणाऱ्या), अस्थिशोषक कोशिका (जुने हाड विरघळवून शोषून घेणाऱ्या) व रक्तवाहिन्या यांचा सहभाग असतो, हे दीर्घकाळ ज्ञात आहे. शरीराचे रोगापासून संरक्षण करणारी प्रतिरक्षा यंत्रणा व तिच्या कोशिका परस्परांना संदेश देण्यासाठी वापरत असलेली प्रथिने यांचाही या क्रियेत निर्णायक वाटा असतो, ही जाणीव मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस दृढ झाली. या प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. त्यांचा उपयोग करून हाड सांधण्याच्या क्रियेला चालना देण्याचे प्रयत्न सध्या जगात अनेक ठिकाणी चालू असून त्यांत पुणे येथील संशोधनाचाही उल्लेखनीय भाग आहे.

विषयाचे महत्त्व केवळ शास्त्रीय नाही. अस्थिभंगाच्या दर १०० रुग्णांपैकी साधारणपणे ५ ते १० रुग्णांचे हाड वेळेवर जुळत नाही अथवा मुळीच जुळत नाही, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. नडगीचे हाड त्वचा फाटून बाहेर आले असेल, रुग्ण वृद्ध किंवा मधुमेही असेल अथवा तंबाखूचे व्यसन असेल, तर हा धोका वाढतो. बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या शेतीवर अवलंबून असलेल्या गावात एखाद्या शेतमजुराच्या पायाचे हाड सहा महिने जुळले नाही, तर एक हंगाम बुडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावयाची तर मोठ्या शहराकडे जावे लागते. म्हणून हाड जुळण्याची नैसर्गिक क्रिया कमी खर्चात व निर्धोकपणे कशी वाढविता येईल, हा प्रश्न आपल्याकडे विशेष निकडीचा ठरतो.

प्राचीन कल्पना : भारतीय वैद्यकात अस्थिभंगाचे पद्धतशीर विवेचन सुश्रुतसंहितेत आढळते. तीत अस्थिभंगाचे संधिमुक्त (सांधा निखळणे) व कांडभग्न (हाडाचा दांडा मोडणे) असे दोन मुख्य प्रकार करून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा उपप्रकार सांगितले आहेत. हाड ताणून जागेवर बसविणे, झाडांच्या साली व बांबूच्या कांबी यांचा आधार देऊन ते बांधणे आणि ऋतुमानानुसार ठराविक दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधणे हा उपचाराचा क्रम होता. हाड सांधण्याची शक्ती देहातच असून वैद्याने तिला अनुकूल स्थिती निर्माण करावयाची, हे तत्त्व त्यामागे दिसते. महाराष्ट्रातील हाडवैद्यांच्या परंपरेतही हाच क्रम चालत आला. कांडवेल ही वनस्पती हाड सांधणारी म्हणून लोकवैद्यकात प्रसिद्ध आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस यांनी लाली, सूज, उष्णता व वेदना ही शोथाची (इजेनंतर उद्‌भवणाऱ्या दाहयुक्त प्रतिक्रियेची) चार लक्षणे नोंदविली. पुढे अनेक शतके शोथ हा स्वतंत्र रोगच मानला जाई आणि तो शमविणे हे चिकित्सकाचे पहिले कर्तव्य समजले जाई. स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद जॉन हंटर (१७२८–९३) यांनी मात्र शोथ हा रोग नसून इजा भरून काढण्यासाठी शरीराने योजलेली हितकर क्रिया असल्याचे प्रतिपादन केले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. या विधानाचा हाडाच्या संदर्भातील खरा अर्थ स्पष्ट होण्यास पुढे सुमारे दोनशे वर्षे लागली.

अस्थिजननाचा शोध : १७३६ मध्ये जॉन बेल्चर (१७०६–८५) या इंग्रज शस्त्रक्रियाविशारदांनी मंजिष्ठ वर्गातील रंगद्रव्ययुक्त वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांची हाडे तांबडी होतात, असे नोंदविले. त्यावरून स्फूर्ती घेऊन फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी-ल्वी द्यूआमेल (१७००–८२) यांनी प्राण्यांना हे खाद्य मधूनमधून देऊन हाडात रंगीत व पांढरे थर एकाआड एक तयार होतात असे दाखविले आणि हाडावरील आवरण म्हणजे पर्यस्थिकला नवे हाड निर्माण करते, असा निष्कर्ष काढला. स्विस शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट फोन हालर (१७०८–७७) यांनी तो अमान्य करून अस्थिजननाचे श्रेय रक्तवाहिन्यांना दिले. हा वाद शतकभर चालला. लीआँ येथील लेओपोल ऑल्ये (१८३०–१९००) यांनी पर्यस्थिकलेचे तुकडे अन्यत्र रोपून तेथे हाड तयार होते, हे प्रयोगांनी सिद्ध केले व १८६७ मध्ये अस्थिपुनर्जननावर विस्तृत ग्रंथ लिहिला. ग्लासगो येथील विल्यम मॅकेवन (१८४८–१९२४) यांनी १८८० च्या सुमारास एका मुलाच्या दंडाच्या नष्ट झालेल्या हाडाच्या जागी इतर रुग्णांच्या हाडांचे तुकडे रोपून हात उपयोगात आणता येईल इतपत यश मिळविले.

याच काळात दोन शोध असे लागले की, ज्यांचा परस्परसंबंध त्यावेळी कोणालाही जाणवला नाही. जर्मन भाषेत लेखन करणारे स्विस शास्त्रज्ञ आल्बेर्ट फोन कलिकर (१८१७–१९०५) यांनी हाड शोषून घेणाऱ्या बहुकेंद्रकी मोठ्या कोशिकांचे १८७३ मध्ये वर्णन केले. याच अस्थिशोषक कोशिका होत. रशियन जीववैज्ञानिक इल्या म्येच्‌निकोव्ह (१८४५–१९१६) यांना १८८२ मध्ये मेसीना (इटली) येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभावर प्रयोग करताना बाह्य पदार्थांना वेढून गिळणाऱ्या भक्षी कोशिका दिसल्या. प्रतिरक्षाविज्ञानाचा एक पाया त्यातून घातला गेला व त्याबद्दल त्यांना १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. हाड शोषणारी कोशिका आणि जंतू गिळणारी कोशिका या एकाच कुळातील आहेत, हे सिद्ध होण्यास आणखी शतक जावे लागले.

अस्थिरोपण व प्रतिरक्षेविषयीचा संशय : विसाव्या शतकात मोठी अस्थितूट भरून काढण्यासाठी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन रोपणे ही सर्वांत विश्वसनीय पद्धत ठरली. तथापि असा तुकडा मर्यादित प्रमाणातच मिळतो व तो काढलेल्या जागी वेदना राहतात. दुसऱ्या व्यक्तीचे हाड वापरल्यास ग्राहकाची प्रतिरक्षा यंत्रणा त्यास परके समजून विरोध करते. म्हणून दात्याच्या हाडातील कोशिका व मज्जा धुऊन काढणे, ते गोठविणे, सुकविणे व किरणांनी निर्जंतुक करणे या पद्धती विकसित झाल्या. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतक पेढी सुरू झाली. तेथे प्रक्रिया केलेले हाड व गर्भवेष्टन तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘आयसोमेड’ या गॅमा किरण निर्जंतुकीकरण सुविधेच्या साहाय्याने निर्जंतुक करून रुग्णांसाठी पुरविण्यात येऊ लागले. या साऱ्या व्यवस्थेत प्रतिरक्षा यंत्रणा ही अडचण होती. तिला दूर ठेवणे किंवा तिची दिशाभूल करणे हे उद्दिष्ट होते.

निर्जीव हाडातही काही संदेश शिल्लक राहतात, हे मात्र याच दिशेने उघडकीस आले. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद निकोलस सेन (१८४४–१९०८) यांनी १८८९ मध्ये खनिजे काढून टाकलेले हाड अस्थिपोकळीत भरण्यासाठी वापरले होते. मार्शल युरिस्ट (१९१४–२००१) यांनी १९६५ मध्ये असे खनिजरहित हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले असता तेथे संपूर्ण नवे हाड तयार होते, असे दाखविले. त्यास कारणीभूत असणाऱ्या पदार्थाला त्यांनी पुढे ‘अस्थिरूपजनक प्रथिन’ (बीएमपी) हे नाव दिले. भारतात जन्मलेले ए. हरी रेड्डी व चार्ल्स हगिन्स यांनी १९७२ मध्ये या क्रियेतील जीवरासायनिक टप्प्यांचा क्रम निश्चित केला. १९८८ मध्ये या प्रथिनांची जनुके अलग करण्यात आली. एखादा रेणू कोशिकांना ‘हाड बना’ असा आदेश देऊ शकतो, ही कल्पना यामुळे रूढ झाली.

अस्थिनाशाचे दूत : प्रतिरक्षेचे रेणू हाडाच्या संदर्भात प्रथम परिचित झाले, ते नाश करणारे म्हणून. १९७२ मध्ये जे. ई. हॉर्टन, एल. जी. रेस व त्यांचे सहकारी हिरड्यांच्या विकारात दाताभोवतीचे हाड का झिजते याचा शोध घेत होते. मानवी रक्तातील श्वेत कोशिका दातांवरील जंतुयुक्त थराच्या सान्निध्यात वाढविल्यास त्या आपल्या द्रवात असा पदार्थ सोडतात की, ज्यामुळे संवर्धनातील हाड विरघळू लागते, असे त्यांना आढळले. या पदार्थाला ‘अस्थिशोषक-कोशिका-उत्तेजक घटक’ असे नाव मिळाले. १९८५ मध्ये तो शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची रचना तपासली असता तो ज्वर व शोथ उत्पन्न करणारे इंटरल्यूकिन-१ बीटा हे सायटोकाइनच असल्याचे निष्पन्न झाले. १९८६ मध्ये अर्बुद-ऊतकनाश घटक (टीएनएफ) या दुसऱ्या सायटोकाइनामुळेही हाडाचे शोषण वाढते व कोलॅजेनाची निर्मिती घटते, असे दिसून आले.

दरम्यान १९७५ मध्ये डी. जी. वॉकर यांनी एक मूलगामी प्रयोग केला. अश्मास्थिता (हाडे घट्ट व दगडासारखी होण्याचा आनुवंशिक विकार) असलेल्या उंदरांना निरोगी उंदरांची अस्थिमज्जा व प्लीहेच्या कोशिका दिल्यावर त्यांच्यात हाड शोषण्याची क्षमता परत आली. अस्थिशोषक कोशिका हाडातून नव्हे, तर रक्तकोशिकांच्या मूळ कुळातून येतात, हे यावरून स्पष्ट झाले. म्येच्‌निकोव्ह यांची भक्षी कोशिका आणि कलिकर यांची अस्थिशोषक कोशिका यांचे नाते अशा रीतीने जुळले.

अस्थिप्रतिरक्षाविज्ञानाचा उदय : १९९७–९८ या काळात अमेरिका व जपान येथील निरनिराळ्या गटांनी अस्थिशोषक कोशिका घडविण्यास अत्यावश्यक असलेला एक रेणू स्वतंत्रपणे शोधून काढला. त्याला निरनिराळी नावे मिळाली. आज तो ‘रँक-एल’ म्हणून ओळखला जातो. हा रेणू अस्थिजनक कोशिकांबरोबरच टी-लसीका कोशिकाही (प्रतिरक्षेतील एक प्रमुख श्वेत कोशिका) निर्माण करतात. १९९९ मध्ये हा रेणू नसलेल्या उंदरांत हाडे अश्मवत् झाल्याचे व त्याचबरोबर लसीका ग्रंथीच तयार न झाल्याचे आढळले. हाड व प्रतिरक्षा यांची भाषा काही अंशी एकच आहे, याचा हा ठळक पुरावा होता. २००० मध्ये हिरोशी ताकायानागी व सहकारी यांनी टी-लसीका कोशिकांचाच दुसरा रेणू, इंटरफेरॉन गॅमा, हा रँक-एलच्या कार्यास लगाम घालतो, असे दाखविले. एकाच कोशिकेच्या हाती गती देण्याचे व थांबविण्याचे, अशी दोन्ही साधने होती. त्याच वर्षी जे. आर. ॲरन व वाय. चॉय यांनी या नव्या शाखेस ‘अस्थिप्रतिरक्षाविज्ञान’ अशा अर्थाचे नाव सुचविले. रँक-एलला निष्प्रभ करणाऱ्या ‘डेनोसुमॅब’ या प्रतिपिंडाच्या औषधाला २०१० मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिविरलतेवर (हाडे ठिसूळ होण्याच्या विकारावर) मान्यता मिळाली. हाडाचा नाश रोखण्याचे काम अशा तऱ्हेने साधले. हाडाची निर्मिती वाढविण्याचे काम शिल्लक राहिले.

शोथाचे उपकारक कार्य : हाड मोडल्यावर पहिल्या काही तासांतच तुटलेल्या टोकांभोवती रक्त साकळते. त्यात प्रथम न्यूट्रोफिल या श्वेत कोशिका व नंतर महाभक्षी कोशिका येतात. त्या मृत ऊतक साफ करतात आणि सायटोकाइने सोडतात. त्यानंतर मूल कोशिका जमून मऊ उपास्थियुक्त किण (जोड) तयार होतो, त्याचे कठीण हाडात रूपांतर होते आणि शेवटी अनेक महिने आकारदुरुस्ती चालते. पूर्वी यातील पहिला टप्पा केवळ साफसफाईचा मानला जाई. १९९३ मध्ये नॉर्वेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अस्थिभंगानंतर साकळलेले रक्त काढून टाकले असता हाड कमकुवत जुळते, असे आढळले. २००२ मध्ये शोथ व वेदना कमी करणारी काही औषधे प्राण्यांत हाड जुळण्यात व्यत्यय आणतात, असे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानवी रुग्णांबाबत यासंबंधीचे पुरावे एकमुखी नाहीत, तरी शोथ सरसकट दडपणे योग्य नव्हे, हा विचार त्यातून बळावला.

अमेरिकेतील लुई गेर्स्टनफेल्ड व सहकारी यांनी २००३ मध्ये टीएनएफचा संदेश ग्रहण करू न शकणाऱ्या उंदरांत किणातील उपास्थी वेळेवर शोषली जात नाही व हाड जुळण्यास विलंब लागतो, असे दाखविले. १९८६ मध्ये अस्थिनाशक ठरलेला रेणूच अस्थिनिर्मितीसाठी आवश्यक ठरला. यापुढील पाऊल इंग्लंडमध्ये टाकले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अस्थिभंगाच्या जागी अल्प मात्रेत टीएनएफ दिल्यास उंदरांचे हाड अधिक लवकर जुळते आणि स्नायूंतील मूल कोशिका तिकडे आकर्षित होतात, असे आढळले. त्याच परंपरेतील २०१५ च्या अभ्यासात अस्थिविरलता असलेल्या उंदरांतही लाभ दिसला. परंतु हा रेणू इजेनंतर २४ तासांच्या आत दिला तरच त्याचा उपयोग झाला. संधिवाताभ संधिशोथात महिनोन्‌महिने वाढलेला टीएनएफ हाड कुरतडतो आणि ताज्या अस्थिभंगात काही तासांपुरता वाढलेला तोच रेणू हाड बांधण्याच्या कामास आरंभ करून देतो. विरोधाभास वाटणारी ही गोष्ट मात्रा व वेळ यांच्या भेदाने उलगडते.

टोकियो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये अशीच गोष्ट इंटरल्यूकिन-१७ बाबत दाखविली. संधिवाताभ संधिशोथात हाडाचा नाश करणारे म्हणून कुप्रसिद्ध असलेले हे सायटोकाइन अस्थिभंगाच्या जागी विशिष्ट टी-लसीका कोशिकांकडून स्रवते आणि तेथील मूल कोशिकांची वाढ व त्यांचे अस्थिजनक कोशिकांत रूपांतर यांना चालना देते.

पुणे येथील संशोधन : पुणे येथे १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने प्राणी-ऊतक व कोशिका संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. तीच पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या नावाने प्रसिद्धीस आली. ही संस्था गणेशखिंड येथील विद्यापीठाच्या परिसरात आहे. देशातील संशोधकांना कोशिकावंश पुरविणे हे तिचे एक मूळ कार्य होय. तेथील मोहन वाणी यांनी त्यापूर्वी लंडन येथे टी. जे. चेंबर्स यांच्या गटात अस्थिशोषक कोशिकांच्या निर्मितीवर काम केले होते. पुण्यात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-३ या सायटोकाइनाकडे लक्ष वळविले.

इंटरल्यूकिन-३ हे मुख्यतः उद्दीपित टी-लसीका कोशिकांकडून स्रवते व अस्थिमज्जेतील विविध रक्तकोशिकांच्या वाढीस उत्तेजन देते. त्याचे जनुक १९८० नंतरच्या दशकात अलग करण्यात आले आणि १९९० च्या सुमारास रक्तकोशिकांची संख्या वाढविण्यासाठी रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. हाडावरील त्याच्या परिणामांकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नव्हते. पुण्याच्या गटाने २००३ मध्ये असे दाखविले की, उंदरांच्या अस्थिशोषक कोशिकांच्या पूर्वज कोशिकांवर इंटरल्यूकिन-३ थेट क्रिया करते आणि रँक-एलचा आदेश मिळूनही त्या हाड शोषणाऱ्या न बनता महाभक्षी कोशिकांच्या मार्गाला लागतात. हा बदल कायमचा असतो. २००५ मध्ये टीएनएफमुळे होणारी अस्थिशोषक कोशिकांची निर्मितीही ते रोखते, असे आढळले. टीएनएफचा संदेश घेणारी ग्राही प्रथिनेच या कोशिकांत कमी होतात. २००९ मध्ये जिवंत उंदरांत टीएनएफजन्य अस्थिशोषण व शोथयुक्त संधिविकार या दोहोंस ते प्रतिबंध करते, असा निष्कर्ष निघाला. २०१० मध्ये मानवी कोशिकांवरही अस्थिशोषणास प्रतिबंध दिसून आला. २०११ मध्ये, उंदरांतील संधिशोथ कमी करताना ते प्रतिरक्षेला आवर घालणाऱ्या नियामक टी-लसीका कोशिकांची वाढ घडविते, असे प्रसिद्ध झाले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कार्य २०१२ मधील होय. मानवी अस्थिमज्जेतील मध्योतक मूल कोशिका (ज्यांपासून हाड, उपास्थी व वसा यांच्या कोशिका होऊ शकतात) इंटरल्यूकिन-३ च्या सान्निध्यात वाढविल्या असता त्यांचे अस्थिजनक कोशिकांत अधिक प्रमाणात रूपांतर झाले व त्यांनी अधिक खनिज साठविले. परिणाम मात्रेनुसार वाढत गेला. या कोशिका स्वतःच अस्थिरूपजनक प्रथिन-२ अधिक प्रमाणात निर्माण करू लागल्या, हे विशेष होय. या कोशिकांची जिवंत प्राण्यात नवे हाड निर्माण करण्याची क्षमताही वाढली. युरिस्ट यांनी १९६५ मध्ये उघड केलेला अस्थिजननाचा आदेश आणि प्रतिरक्षेचा संदेश हे एकाच साखळीचे दुवे असल्याचे यातून सूचित झाले : बाहेरून मोठ्या मात्रेत अस्थिरूपजनक प्रथिन देण्याऐवजी शरीराच्याच कोशिकांकडून ते तयार करून घेता येणे शक्य आहे. २०१७ मध्ये या मूल कोशिकांची स्थलांतर करण्याची क्षमताही इंटरल्यूकिन-३ मुळे वाढते, असे आढळले. अस्थिभंगाच्या जागी योग्य कोशिका पोहोचणे ही पुनर्जननाची पहिली अट असल्याने या निष्कर्षाला महत्त्व आहे.

टीएनएफ व इंटरल्यूकिन-१७ हे दुधारी रेणू आहेत. अल्पकाळ ते उपकारक व दीर्घकाळ अपायकारक ठरतात. इंटरल्यूकिन-३ मात्र या प्रयोगांत शोषण रोखणे व निर्मिती वाढविणे ही दोन्ही कामे एकाच दिशेने करताना दिसले. मात्र प्रयोगशाळेतील अनुकूल निष्कर्ष म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. रक्तविकारांवरील जुन्या चाचण्यांत सर्व शरीरात दिलेल्या इंटरल्यूकिन-३ मुळे ज्वर, डोकेदुखी यांसारखे त्रास आढळले होते. त्यामुळे ते केवळ इजेच्या जागी, आवश्यक तेवढेच व योग्य वेळी कसे पोहोचवावे, हा प्रश्न उपचाराच्या आधी सुटला पाहिजे.

मर्यादा व दक्षता : घाईचे परिणाम काय होतात याचा धडा अस्थिरूपजनक प्रथिनांच्या इतिहासातून मिळतो. कृत्रिम रीत्या तयार केलेल्या अस्थिरूपजनक प्रथिन-२ ला अमेरिकेत २००२ मध्ये कण्याच्या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी व २००४ मध्ये नडगीच्या काही उघड्या अस्थिभंगांसाठी मान्यता मिळाली. शरीरात अत्यल्प प्रमाणात असणारे हे प्रथिन उपचारात मिलिग्रॅमच्या मात्रेत वापरले जाई. मान्यतेच्या कक्षेबाहेर, मानेच्या कण्यासाठीही त्याचा वापर होऊ लागला. मानेत सूज येऊन गिळणे व श्वास घेणे कठीण झाल्याच्या तक्रारींवरून २००८ मध्ये तेथील औषधनियंत्रण यंत्रणेने जाहीर इशारा दिला. २०११ मध्ये कण्याच्या शस्त्रक्रियेस वाहिलेल्या एका नियतकालिकाने उत्पादकाच्या अर्थसाहाय्याने झालेल्या मूळ चाचण्यांत दुष्परिणामांची नोंद अपुरी असल्याचे दाखवून दिले. नव्हते तेथे हाड निर्माण करणारा रेणू शोथही निर्माण करू शकतो, हे रुग्णांना किंमत मोजून कळले.

दुसरी अडचण रुग्णारुग्णांतील भेदाची आहे. बर्लिन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, ज्यांचे हाड उशिरा जुळते, अशा रुग्णांत पूर्वीच्या संसर्गांच्या अनुभवातून पक्व झालेल्या विशिष्ट मारक टी-लसीका कोशिका अधिक असतात व त्या अस्थिपुनर्जननास बाधा आणतात. म्हणजे प्रतिरक्षा उद्दीपित करणे काहींना हितकर, तर काहींना अपायकारक ठरू शकेल. उपचारापूर्वी रुग्णाच्या प्रतिरक्षेची स्थिती तपासणे त्यामुळे अपरिहार्य होईल.

या अडचणींवर उपाय म्हणून रेणू क्रमाक्रमाने सोडणारे आधारपदार्थ तयार करण्याचे प्रयत्न होत आहेत. २०१५ मध्ये अमेरिकेत कोशिकारहित हाडापासून असा आधार बनविण्यात आला की, जो आरंभी इंटरफेरॉन गॅमा लवकर सोडतो व नंतर इंटरल्यूकिन-४ सावकाश सोडतो. महाभक्षी कोशिकांना प्रथम साफसफाईच्या व नंतर दुरुस्तीच्या कामाला लावावे, असा त्यामागील हेतू होता. निसर्गात आपोआप घडणारा क्रम मानवनिर्मित पदार्थात उतरविण्याचा हा प्रारंभिक प्रयत्न म्हणता येईल.

समारोप : हाड व प्रतिरक्षा यांच्या संबंधाचा इतिहास पाहता असे दिसते की, प्रत्येक पिढीने एका घटकाला सर्व श्रेय वा सर्व दोष दिला : पर्यस्थिकला, रक्तवाहिन्या, अस्थिरूपजनक प्रथिन, शोथ. नंतरच्या पिढीला तो घटक एका दीर्घ क्रमातील एक पायरी असल्याचे आढळले. प्रतिरक्षेचे रेणू हाडाचे मित्र की शत्रू, हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. कोणता रेणू, कोणत्या घटकेला, किती मात्रेत व कोणत्या रुग्णाला, या चार प्रश्नांची एकत्रित उत्तरे मिळाल्याशिवाय त्यांचा उपचारात वापर करणे धोक्याचे आहे. आज तरी हाड योग्य रीतीने बसविणे, स्थिर ठेवणे, जखम जंतुरहित राखणे, तंबाखू वर्ज्य करणे व आहारातील उणिवा भरून काढणे हेच अस्थिभंगावरील सिद्ध उपाय होत. सायटोकाइनांवर आधारलेले उपचार त्यांची जागा घेणारे नसून, जेथे हे उपाय अपुरे पडतात तेथे त्यांना जोड देणारे ठरतील. बहुतेक प्रथिनजन्य औषधे शीत तापमानात साठवावी लागतात व महागही असतात. त्यामुळे असे उपचार जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्यात यावयाचे, तर त्यांची मात्रा अल्प, देण्याची रीत सोपी आणि साठवण सुलभ असावी लागेल. पुण्यातील प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तत्त्व जानेफळच्या रुग्णाला उपयोगी पडण्यासाठी मधले हे अंतर काटेकोर चाचण्यांनी पार करणे, हे या शाखेपुढील पुढचे कार्य आहे.